थोड्यात भागवणारे डॉक्टर : सॅम्युअल हानेमान



आपल्यापैकी अनेकांच्या घरी होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्यांची एखादी तरी बाटली असते. आपल्या लोकांना ही पद्धती परकी नाही. १८८० साली मंगळूरला येशूसंघीय फादर ऑगस्टस म्युलर यांनी गरिबांसाठी तिचा दवाखाना सुरू केला. हे औषध निसर्गाला ओरबाडत नाही, अशी तिची स्तुती केली जाते. ती कितपत खरी आहे, हे या पद्धतीच्या जनकाच्या चरित्रावरून पाहू या.

सॅम्युअल हानेमान यांचा जन्म १० एप्रिल १७५५ रोजी जर्मनीतील माइसेन गावी झाला. वडील चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवीत. घरची स्थिती बेताची होती, तरी मुलगा शिकला आणि १७७९ साली डॉक्टर झाला. त्या काळी रोग्याची शीर कापून रक्त काढत आणि पाऱ्याची औषधे भरमसाट देत. पुष्कळ रोगी रोगाऐवजी उपचारानेच दगावत. हानेमान यांना हे पटेना. त्यांनी वैद्यकी बाजूला ठेवली आणि मोठ्या कुटुंबाचे पोट ते भाषांतरे करून भरू लागले. विषांचाही त्यांनी अभ्यास केला. १७८६ साली सोमलाच्या विषबाधेवर पुस्तक लिहिले, द्राक्षारसातील शिसे ओळखण्याची परीक्षा शोधली.

१७९० साली स्कॉटलंडच्या डॉ. कलेन यांचा ग्रंथ भाषांतरित करताना हिवतापावरील सिंकोनाच्या सालीचा उल्लेख आला. हे झाड दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. येशूसंघीय धर्मगुरूंनी साल युरोपात पोहोचवण्यास हातभार लावला, म्हणून तिला त्यांचेच नाव पडले होते. मागणी वाढली तशी झाडे सोलली जाऊ लागली. एक झाड तोडले तर क्रुसाच्या आकारात पाच लावा, असे हे धर्मगुरू सांगत, अशी आख्यायिका आहे.

हानेमान यांनी ती साल स्वतः खाऊन पाहिली. त्यांना हिवतापासारखी लक्षणे जाणवली. जे निरोग्याला आजारी करते तेच रोग्याला बरे करते, असा सिद्धांत त्यांनी मांडला. १८१० साली ‘ऑर्गेनॉन’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. विषारी द्रव्यांचा अपाय टळावा म्हणून ते औषध पातळ करीत गेले. एक भाग औषध, नव्व्याण्णव भाग पाणी किंवा मद्यार्क, असे तीस वेळा. औषधविक्रेत्यांच्या विरोधामुळे लाइपझिग सोडून ते १८२१ साली क्योटेनला गेले. उतारवयात पॅरिसला स्थायिक झाले आणि २ जुलै १८४३ रोजी तेथेच वारले.

इतक्या पातळ औषधाला वनस्पती अगदी थोडी लागते, हे खरे. औषधे निसर्गात उतरली की काय होते, हे आपण भारतात पाहिले आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मेली आणि २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अर्निकाची फुले युरोपात आजही रानातून खुडली जातात. त्यांचा मोठा वाटा मलमे व अर्कांत जातो, आणि युरोपीय संघाला त्या तोडणीवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय तीस वेळा पातळ केलेल्या गोळीत मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने अनेक अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक आहे असा विश्वसनीय पुरावा कोणत्याही आजाराबाबत तिला मिळाला नाही.

म्हणून प्रश्न नीट विचारला पाहिजे. औषधाला निसर्गातून किती घेतले, एवढेच पाहून चालत नाही. त्याने माणूस बरा झाला का, हेही पाहावे लागते. सिंकोनाने हेच शिकवले. १८२० साली सालीतून क्विनाइन वेगळे झाले, मोजून देता येऊ लागले, आणि १८६० नंतर निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले. गुणकारी साल वापरणे कोणी सोडले नाही. तिची लागवड केली.

हानेमान यांचा सिद्धांत टिकला नाही, तरी त्यांच्या दोन सवयी घेण्यासारख्या आहेत. दुसऱ्याला देण्याआधी ते औषध स्वतः घेऊन पाहत, आणि गरजेपेक्षा जास्त देत नसत. आपणही उगाच औषधे साठवू नयेत आणि उरलेली गटारात ओतू नयेत. मात्र ताप उतरत नसेल तर गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण करा.