मॅडम ब्लाव्हाट्स्की: ‘ऑरा’ आणि ‘व्हायब्रेशन’ आपल्या मोबाईलपर्यंत कसे आले?



रील्स बघताना तुम्हीही हे ऐकलं असेल. तुमचा ऑरा कमजोर झालाय, तुमची व्हायब्रेशन लो आहे, प्राचीन ऋषींना जे माहीत होतं ते सायन्सला आत्ता कुठे कळतंय, वगैरे. पुढे सिंहस्थ आहे, त्यामुळे आमच्या नाशिकमध्ये तर असे व्हिडिओ रोज येऊन पडतायत. लोकांना वाटतं ही इंटरनेटची देन आहे. पण सायन्स आणि अध्यात्म एकत्र मिसळून सांगायची ही पद्धत बरीच जुनी आहे, आणि ती जगभर पोहोचवण्यात एका रशियन बाईचा मोठा वाटा आहे. तिचा एक मुक्काम मुंबईत होता आणि तिच्या प्रवासाच्या पुस्तकात आपलं नाशिकही आहे.

त्यांचं नाव मॅडम ब्लाव्हाट्स्की. आज त्यांची गोष्ट सविस्तर बघूया. ती वाचली की असे दावे कसे तपासायचे हेही आपोआप लक्षात येईल.

सुरुवातीचं आयुष्य

हेलेना पेत्रोव्हना यांचा जन्म १२ ऑगस्ट १८३१ चा, येकातेरिनोस्लाव्हचा. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. आज ते युक्रेनमध्ये आहे आणि त्याचं नाव द्निप्रो. वडील लष्करात, आई कादंबरीकार. हेलेना अकरा वर्षांच्या असायच्या आतच आई गेली. पुढे त्या आजीकडे वाढल्या. आजी वनस्पतीशास्त्राची चांगली अभ्यासक होती. म्हणजे घरात विज्ञानाची पुस्तकंही होती आणि नोकरचाकरांच्या भुताखेतांच्या गोष्टीही.

१८४९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांचं लग्न निकिफोर ब्लाव्हाट्स्की नावाच्या बऱ्याच मोठ्या वयाच्या सरकारी अधिकाऱ्याशी झालं. काही महिन्यांतच त्या घर सोडून निघून गेल्या. आडनाव तेवढं कायम राहिलं.

पुढची जवळजवळ वीस-बावीस वर्षं त्या कुठे होत्या याबद्दल मुख्यतः त्यांचंच सांगणं आहे. आपण तिबेटमध्ये राहिलो, तिथे ‘महात्मा’ म्हणजे सिद्ध गुरूंकडून गुप्त ज्ञान मिळालं, असं त्या सांगायच्या. एकटी युरोपियन बाई त्या काळात तिबेटमध्ये वर्षानुवर्षं राहिली, हे बहुतेक इतिहासकारांना पटत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

न्यूयॉर्क, एडिसन आणि नवी सोसायटी

१८७३ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. पुढच्या वर्षी त्यांची ओळख कर्नल हेन्री ऑल्कॉट या वकील-पत्रकाराशी झाली. १८७५ मध्ये दोघांनी आणखी काही लोकांना घेऊन थिऑसॉफिकल सोसायटी काढली. सोसायटीचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच जुनं ज्ञान आहे, माणसात अजून न जागलेल्या शक्ती आहेत, आणि विज्ञान व धर्म एकमेकांचे शत्रू नाहीत.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. तारेतून निरोप काही मिनिटांत समुद्रापार जात होता. १८७६ मध्ये टेलिफोन आला, १८७७ मध्ये फोनोग्राफ. न दिसणाऱ्या गोष्टी खरंच कामं करत होत्या. मग विचारही तारेशिवाय का जाणार नाहीत, असं सुशिक्षित माणसालाही वाटायचं. फोनोग्राफ बनवणारा थॉमस एडिसन स्वतः १८७८ मध्ये सोसायटीचा सभासद झाला. ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट भारताकडे निघाले तेव्हा मित्रांनी त्यांच्या घरी एडिसनच्या मशीनवर निरोपाचे शब्द रेकॉर्ड केले, तेही टिनच्या पातळ पत्र्यावर. पुढे अनेक वर्षांनी ते पत्रे वाजवून बघितले तर आवाज निघेना, खाचा सपाट झाल्या होत्या.

त्याआधी १८७७ मध्ये त्यांचं ‘आयसिस अनव्हेल्ड’ हे दोन खंडांचं पुस्तक आलं होतं. एक खंड विज्ञानावर, दुसरा धर्मावर. पहिल्या हजार प्रती काही दिवसांतच संपल्या.

मुंबईत आगमन

१६ फेब्रुवारी १८७९ ला दोघं मुंबईत उतरले आणि गिरगावात राहायला लागले. गोऱ्यांची वस्ती सोडून हिंदी लोकांच्या वस्तीत घर घेतलेली रशियन बाई म्हटल्यावर इंग्रज सरकारला हेरगिरीचा संशय आला आणि पोलिसांनी त्यांच्यावर पाळत ठेवली.

ऑक्टोबर १८७९ मध्ये मुंबईहून ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू झालं. ही खरी मोठी गोष्ट होती. इंग्रज अधिकारी आणि मिशनरी इथल्या ग्रंथांना अंधश्रद्धा म्हणत होते, तेव्हा दोन परदेशी माणसं हिंदी लेखकांना छापत होती आणि तुमच्या ग्रंथांत मोठं तत्त्वज्ञान आहे असं जाहीरपणे सांगत होती. दामोदर मावळंकर हा तरुण तर घरदार सोडून त्यांच्या कामात आला. १८८५ मध्ये तो गुरूंच्या शोधात तिबेटच्या दिशेने गेला आणि परत आला नाही.

त्याच दिवसांत त्या मॉस्कोच्या एका वर्तमानपत्राला भारतप्रवासाची पत्रं पाठवत होत्या. टोपणनाव होतं ‘राद्दा-बाई’, आपल्या कानाला थेट राधाबाईच ऐकू येतं! त्यांच्या मृत्यूनंतर १८९२ मध्ये ही पत्रं इंग्रजी पुस्तक म्हणून आली. त्यात मुंबई आहे, कार्ल्याची लेणी आहेत, नाशिकही आहे. पण ते सरळ प्रवासवर्णन नाही. खऱ्या जागांमध्ये त्यांनी गुलाबसिंग नावाचा चमत्कारी ठाकूर फिरवलाय. कुठे प्रवास संपतो आणि कुठे कथा सुरू होते ते वाचकाला कळत नाही.

मी नाशिकचा असल्यामुळे मला इथे एक तुलना करावीशी वाटते. आमच्या पांडवलेण्यात २४ लेणी आहेत. लोक ती पांडवांची समजत आले. पण भिंतींवर ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. ही लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये उलगडली आणि रा. गो. भांडारकरांनी नाशिकच्या शिलालेखांवर १८७४ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. त्यातून सातवाहन राजे, गौतमी बलश्रीने दिलेलं दान, बौद्ध भिक्खूंचे विहार हे सगळं समोर आलं. भांडारकरांवर कुणाचाही आंधळा विश्वास असायची गरज नव्हती. लिपी शिका, भिंतीसमोर उभे राहा आणि त्यांचं वाचन बरोबर आहे का ते स्वतः बघा. ब्लाव्हाट्स्कींच्या गुप्त ज्ञानाची अडचण इथेच होती. त्यांची भिंत दुसऱ्या कुणाला दिसतच नव्हती.

सिमल्याचा कप आणि महात्म्यांची पत्रं

१८८० मध्ये सिमल्याजवळ एका सहलीला सहा जणांचे कप नेले होते आणि सातवा माणूस आला. ब्लाव्हाट्स्कींनी एक जागा दाखवली, तिथे खणलं, आणि मातीतून त्याच नक्षीचा कप-बशी निघाली. अनेक जण थक्क झाले. काही जण म्हणाले, आधीच पुरून ठेवला असेल.

मग ‘महात्म्यांची पत्रं’ यायला लागली. कधी छतातून पडायची, कधी बंद पेटीत सापडायची. पत्रकार ए. पी. सिनेट यांना अशी पुष्कळ पत्रं मिळाली आणि त्यांनी त्यावर १८८१ मध्ये पुस्तक लिहिलं. ती पत्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

१८८३ मध्ये पहिला घोटाळा झाला. हेन्री किडल या अमेरिकन गृहस्थांनी ते पुस्तक वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की महात्म्याच्या एका पत्रातला मजकूर आपल्याच १८८० च्या भाषणातला आहे. आजच्या भाषेत, कॉपी-पेस्ट पकडलं गेलं! त्यावर खुलासा आला की पत्र मनातून मनात पाठवताना शिष्याकडून काही ओळी गाळल्या गेल्या. एका वाक्यात सांगायचं तर, नेटवर्क प्रॉब्लेम.

मोठा धक्का: १८८४-८५

१८८२ च्या शेवटी सोसायटीचं मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेलं. तिथे एका भिंतीला लागून लाकडी कपाट होतं, त्यात ठेवलेल्या चिठ्ठीला महात्म्यांचं उत्तर मिळायचं. १८८४ मध्ये ब्लाव्हाट्स्की युरोपात असताना तिथल्या एमा कूलोम्ब या बाईचं आणि तिच्या सुतारकाम करणाऱ्या नवऱ्याचं सोसायटीशी भांडण झालं. त्यांनी सांगितलं की कपाटामागे सरकणाऱ्या फळ्या आहेत आणि त्या मॅडमच्याच सांगण्यावरून बसवल्या. मद्रासच्या एका मिशनरी मासिकात ब्लाव्हाट्स्कींची म्हणून पत्रंही छापून आली. सोसायटीचं म्हणणं उलटं होतं: पत्रं बनावट आहेत आणि फळ्या मॅडम नसताना मुद्दाम केल्या.

लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन या तरुणाला चौकशीला पाठवलं. तो पोहोचायच्या आधीच सोसायटीच्याच लोकांनी ते कपाट जाळून टाकलं होतं. चौकशीच्या आधी चॅट डिलीट करावं तसं. हॉजसनने साक्षी घेतल्या आणि अक्षरांची तुलना केली. अक्षराची तुलना म्हणजे ठरावीक अक्षरांचं वळण, जोडणी आणि अंतर शेजारी ठेवून बघणं. १८८५ च्या अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं की चमत्कार बनावट आहेत आणि बरीचशी पत्रं मॅडमनीच लिहिली आहेत.

गोष्ट इथेच संपत नाही. १९८६ मध्ये त्याच संस्थेच्या जर्नलमध्ये व्हर्नन हॅरिसन या कागदपत्रतज्ज्ञाने हॉजसनचा अहवाल पुन्हा तपासला आणि तो एकतर्फी आहे, अक्षराचा पुरावा कच्चा आहे असं लिहिलं. याचा अर्थ महात्मे खरे ठरले असा नाही. हॉजसनचं सिद्ध करणं कमी पडलं, एवढाच त्याचा अर्थ. मला ही बाब फार आवडते. त्या संस्थेने शंभर वर्षांनी स्वतःचाच अहवाल पुन्हा उघडला. अशी पुनर्तपासणी महात्म्यांच्या ज्ञानाची कधीच करता आली नाही.

शेवटची वर्षं

मार्च १८८५ मध्ये आजारी अवस्थेत त्यांनी भारत सोडला आणि पुन्हा आल्या नाहीत. १८८८ मध्ये ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ आला. विश्वाची उत्पत्ती, माणसाच्या चेतनेचे स्तर, बुडालेले खंड असं सगळं त्यात आहे. त्यातला ‘लेमुरिया’ खंड बघा. ही कल्पना मुळात प्राणीशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांची, १८६४ ची. मादागास्कर आणि भारतातले प्राणी इतके सारखे कसे, याचं उत्तर म्हणून त्यांनी मध्ये एक बुडालेला खंड असेल असं सुचवलं. ब्लाव्हाट्स्कींनी त्यावर प्राचीन मानववंश बसवले. पुढे भूखंडच सरकतात हे कळलं आणि विज्ञानाने लेमुरिया सोडून दिला. गूढ पुस्तकांत तो अजून आहे, तुमच्या यूट्यूबवरही सापडेल.

८ मे १८९१ ला इन्फ्लुएन्झाच्या साथीत लंडनमध्ये त्यांचं निधन झालं, वय ५९. १८८९ मध्ये दोन थिऑसॉफिस्टांनी लंडनमध्ये एका तरुण विद्यार्थ्याला गीता वाचायला लावली होती आणि त्याची भेट मॅडमशीही करून दिली होती. तो विद्यार्थी म्हणजे मोहनदास गांधी. सोसायटीच्या पुढच्या नेत्या अ‍ॅनी बेझंट १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. म्हणून ब्लाव्हाट्स्कींना नुसतं फ्रॉड म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांनी हिंदी माणसाला दिलेला मान खरा होता. पण मान खरा असला म्हणून कपाटातली पत्रं खरी होत नाहीत. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

माझ्या आत्याने गेल्या वर्षी एका अ‍ॅपचं पैसे भरून सबस्क्रिप्शन घेतलं. ५२८ हर्ट्झचा आवाज रोज ऐकला की थायरॉइड बरा होतो, असं त्यात सांगितलं होतं. तिने गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर टीएसएच खूप वाढलेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं, एवढंच. ५२८ हर्ट्झ हा एक सूर आहे. तो ऐकून मन शांत होऊ शकतं, पण शरीरात कमी पडलेलं हार्मोन स्पीकरमधून येत नाही. ते गोळीतूनच येतं. हर्ट्झ हा शब्द सायन्सचा होता, तपासणी मात्र कुठेच नव्हती.

म्हणून असा व्हिडिओ किंवा अ‍ॅप समोर आलं की एवढं करा:

१. दावा चुकीचा ठरू शकेल अशी काही चाचणी आहे का ते बघा. नसेल तर ते सायन्स नाही, भाषा कितीही सायन्सची असो.

२. बाहेरच्या माणसाला कपाट उघडू दिलंय का ते विचारा. फक्त आमच्या शिष्यांनाच दिसतं, हे उत्तर पुरेसं नाही.

३. मजकुरातलं एखादं वाक्य कॉपी करून सर्च करा. किडलना वाचून कळलं, तुम्हाला दहा सेकंदांत कळेल.

४. खोटं म्हणणाऱ्यालाही तपासा. हॉजसनचंही पुढे तपासलं गेलंच.

५. ध्यान करा, गीता वाचा, पांडवलेण्यात शांत बसा, त्याला कुणाची ना नाही. पण गोळ्या बंद करायला किंवा पैसे भरायला सांगितलं की थांबा आणि आधी डॉक्टरांशी बोला.

माहिती उपयोगी वाटली तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नक्की टाका. विशेषतः ज्या ग्रुपवर रोज सकाळी हाय व्हायब्रेशनचे मेसेज येतात, तिथे!