'श्याम'चे मोठे होणे आणि साने गुरुजींचा काळ



परदेशी निघताना आपल्यापैकी कितीतरी जणांच्या सामानात 'श्यामची आई' असते. इथे ओजिमात मुलांना ती वाचून दाखवताना आईची माया त्यांना लगेच कळते. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. खोत म्हणजे कोण? घरावर जप्ती का आली? म्हणून या वेळी आम्ही साने गुरुजींची आणि त्यांच्या काळाची ओळख करून देत आहोत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगडला झाला. घराणे खोतांचे, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारे. वडिलांच्या काळात कर्ज वाढले आणि घरावर जप्ती आली. गुरुजी दापोली, औंध, पुणे असे हाल सोसत शिकले. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा ते जवळ नव्हते.

१९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत. १९३० मध्ये नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच लिहून घेतली. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली.

हे साल महत्त्वाचे आहे. आदल्याच वर्षी पुणे करार झाला होता आणि अस्पृश्यतेवर देशभर वाद चालू होता. आता तो मोळीचा प्रसंग आठवा. एका म्हातारीला मोळी उचलवत नाही, ती अस्पृश्य म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला मदतीला पाठवते, पण घरी आल्यावर आंघोळही करायला सांगते. आईची माया आणि त्या काळाची मर्यादा, दोन्ही एकाच प्रसंगात दिसतात.

मुलगा त्या मर्यादेच्या पुढे गेला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. १९४८ मध्ये त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

आपल्या मुलांना जपानचे एक उदाहरण जवळचे वाटेल. गेन्झाबुरो योशिनो यांना १९३१ मध्ये राजकीय विचारांमुळे अटक झाली होती. १९३७ मध्ये, युद्धाच्या काळात, त्यांनी एका शाळकरी मुलाची कादंबरी लिहिली. नावाचा अर्थ 'तुम्ही कसे जगाल?' मियाझाकींच्या २०२३ मधल्या चित्रपटाला हेच जपानी नाव आहे. तुरुंग पाहिलेल्या दोघांनीही मोठ्यांना उपदेश करण्याऐवजी एका मुलाचे मोठे होणे सांगितले.

तेव्हा मंडळी, पुस्तक पुन्हा काढाल तेव्हा मोळीचा प्रसंग घाईने उलटू नका. मुले विचारतील, आंघोळ कशाला? उत्तर जरा अवघड आहे, पण आपणच द्यायला हवे.