गर्टीबाईंची मुदत ठेव

जन्म बँकेत गेल्यामुळे मला यकृतातही ठेवीच दिसतात. जेवणातून आलेली जादा साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत साठवते. ही मुदत ठेव ऐनवेळी मोडते कशी, हे शोधण्यात गर्टी कोरी यांचे आयुष्य गेले.

प्रागमध्ये १८९६ साली जन्मलेल्या गर्टीबाईंनी डॉक्टर झाल्यावर वर्गमित्र कार्ल कोरी यांच्याशी १९२० मध्ये लग्न केले आणि दोन वर्षांनी अमेरिका गाठली. दोघांचे संशोधन एकत्र, निबंधांवर नावे एकत्र. बायकोबरोबर काम करायचे नाही, या अटीवर कार्लना एका विद्यापीठाने नोकरी देऊ केली. या गृहस्थांनी ती नाकारली. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते विभागप्रमुख झाले. बाईंना मात्र साहाय्यक म्हणून घेतले, नवऱ्याच्या पगाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर! असे पगारपत्रक माझ्या टेबलावर आले असते, तर एक शून्य राहिले म्हणून मी ते परत पाठवले असते.

तिथेच त्यांना ग्लायकोजेन तोडणारे फॉस्फोरिलेज हे एन्झाइम सापडले. त्याची रूपे दोन : एक जागे, एक झोपलेले. १९४७ मध्ये पती-पत्नींना नोबेल मिळाले आणि बाई एकदाच्या प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी अस्थिमज्जेचा असाध्य आजार निघाला. पुढची दहा वर्षे त्या रक्त चढवून घेत, थकल्या की कचेरीतल्या खाटेवर आडव्या होत, पण काम सोडले नाही.

झोपलेल्या एन्झाइमला उठवते कोण, हे १९५५ मध्ये सिअ‍ॅटलला उलगडले. कोरींकडे शिकलेले एडविन क्रेब्ज आणि त्यांचे सहकारी एडमंड फिशर यांना दिसले की, एक दुसरे एन्झाइम एटीपीमधला फॉस्फेट काढून त्याला चिकटवते. हे चिकटवणारे म्हणजे कायनेज.

आता गंमत पाहा. कुत्रे अंगावर आले की अ‍ॅड्रिनलिन सुटते. त्याच्या इशाऱ्याने पेशीत सायक्लिक एएमपी तयार होते. हा निरोप्या हुडकणारे अर्ल सदरलंडही कोरींच्याच तालमीतले. त्याने एक कायनेज जागे होते, ते दुसऱ्या कायनेजच्या अनेक रेणूंना उठवते, ते आणखी कितीतरी फॉस्फोरिलेजना, आणि क्षणात ठेव मोडून पायांत बळ येते. आमच्याकडे फाइल टेबलागणिक मंदावत असे, इथे टेबलागणिक वेग वाढतो! पेशींच्या वाढीचे निरोपही अशाच साखळ्यांतून जातात. त्या बिघडल्या की कर्करोग होऊ शकतो, म्हणून आज कायनेजला अडवणारी औषधे देतात.

साखळीतले ते पहिले कायनेज क्रेब्ज यांच्या प्रयोगशाळेत १९६८ मध्ये सापडले. गर्टीबाईंना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.