जॉर्ज थॉमस : टिपरेरी ते हांसी, एका वंशावळीचा शोध

आयर्लंडमधून खलाशी म्हणून भारतात आलेल्या जॉर्ज थॉमस याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या हरियाणातील हांसी येथे स्वतःचे राज्य स्थापन केले. त्याच्या लढायांच्या तपशीलवार नोंदी उपलब्ध आहेत. त्याची वंशावळ मांडू पाहणाऱ्याची मात्र पहिल्याच पायरीवर अडचण होते.

थॉमसचा जन्म १७५६ च्या सुमारास टिपरेरी परगण्यातील रॉसक्रे परिसरात झाला, असे मानले जाते. वडील कॅथलिक पंथाचे गरीब कूळ होते आणि ते त्याच्या बालपणीच वारले. पूर्वजांविषयीची विश्वसनीय माहिती इथेच संपते. त्या काळी आयर्लंडमधील कॅथलिकांवर जमीनधारणा, शिक्षण आणि धर्माचरण यांबाबत कडक कायदेशीर निर्बंध होते. परिणामी ग्रामीण भागातील अनेक कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या त्याच्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी सुरू झाल्या. जन्म-मृत्यूंची सर्वांसाठी सरकारी नोंदणी तर १८६४ पासूनची आहे. त्यातच ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनमधील सार्वजनिक अभिलेखागार आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि शतकानुशतकांचे दस्तऐवज नष्ट झाले. आडनावाचाही आधार मिळत नाही, कारण थॉमस हे नाव मूळ गेलिक नाही.

यॉल बंदरात मजुरी करीत असताना थॉमसला सक्तीने ब्रिटिश आरमारात भरती करण्यात आले, असे सांगितले जाते. १७८१ च्या सुमारास मद्रास येथे जहाजावरून पळ काढून तो दक्षिणेतील पाळेगारांच्या आश्रयास गेला. १७८७ च्या सुमारास तो दिल्लीस पोहोचला आणि सरधन्याच्या बेगम समरूच्या सैन्यात दाखल झाला. पराक्रमामुळे तो लवकरच तिच्या विश्वासास पात्र ठरला. मारिया नावाच्या मुलीशी त्याचा विवाहही बेगमच्याच पुढाकाराने झाला.

पुढे बेगमच्या दरबारात एका फ्रेंच अधिकाऱ्याचे वर्चस्व वाढले, तेव्हा थॉमस तिची चाकरी सोडून मराठा सरदार अप्पा खंडेराव यांच्याकडे गेला. अप्पा खंडेराव हे महादजी शिंदे यांच्या बाजूने उत्तरेत कारभार पाहणारे सरदार होते. त्यांनी थॉमसला पुत्रवत मानले आणि झज्जरसह काही परगणे सैन्याच्या खर्चासाठी लावून दिले, अशी नोंद त्याच्या चरित्रात आढळते. ज्याच्या जन्मदात्याचे नावही खात्रीने सांगता येत नाही, त्याच्या मानलेल्या पित्याचे नाव मात्र इतिहासात असे सुरक्षित राहिले.

१७९५ मध्ये बेगमच्या सैन्याने बंड करून तिला कैद केले. त्या वेळी जुना दुरावा बाजूस सारून थॉमसने तिला पुन्हा गादीवर बसविण्यास साहाय्य केले. या उपकाराचे मोल पुढे त्याच्या मुलाबाळांना लाभले.

१७९७ मध्ये अप्पा खंडेराव यांचे निधन झाल्यावर थॉमसने हांसीच्या ओसाड किल्ल्याची डागडुजी केली, तोफा ओतविल्या, नाणी पाडली. हे राज्य जेमतेम चार वर्षे टिकले. दौलतराव शिंदे यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याला हा स्वतंत्र शेजारी खुपत होता. पेराँच्या फौजेने १८०१ मध्ये त्याला आधी जॉर्जगड येथे आणि नंतर हांसीत कोंडीत पकडले. शरणागती पत्करून तो ब्रिटिश मुलखात गेला. गंगेतून कलकत्त्याकडे जात असताना २२ ऑगस्ट १८०२ रोजी बंगालमधील बहरामपूर येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच प्रवासात विल्यम फ्रँकलिन याने त्याची हकिकत लिहून घेतली होती. तिच्या आधारे लिहिलेले चरित्र १८०३ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. इंग्रजीपेक्षा फारसीतून बोलणे थॉमसला अधिक सोपे वाटत असे.

मायदेशी परतण्याची त्याची इच्छा अपुरी राहिली. पत्नी आणि मुले बेगमच्या आश्रयास सरधन्यातच राहिली. त्याचा मुलगा जॉन थॉमस बेगमच्या घरात दत्तक पुत्रासारखा वाढला. राम बाबू सक्सेना यांनी युरोपीय वंशाच्या उर्दू-फारसी कवींवर लिहिलेल्या ग्रंथात त्याचा समावेश आहे. दोन पिढ्यांत टिपरेरीच्या कुळाचा नातू उर्दू शायर झाला होता.

स्थानिक लोकांच्या बोलण्यात जॉर्जचे ‘जहाज’ झाले. हिसारमधील त्याचे निवासस्थान जहाज कोठी म्हणून ओळखले जाते, तर जॉर्जगडाचे जहाजगड झाले आहे. बेगमच्या परिवाराचे सुमारे १८२० मधील एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यातील मंडळींमध्ये जॉन थॉमसचीही ओळख पटविण्यात आली आहे. ज्या शहरात आयर्लंडचे दस्तऐवज जळाले, त्याच शहरात या घराण्याची भारतात वाढलेली पिढी चित्ररूपाने पोहोचली आहे.