गणेशपुरीचे अबोल बाबा

डोंबिवलीहून कल्याण, भिवंडी, अंबाडी असं करत वज्रेश्वरीला गेलं की पुढं थोड्याच अंतरावर गणेशपुरी. आज तिथं दुकानं, लॉज, गाड्यांची रांग. भगवान नित्यानंद १९३० च्या दशकात इथं आले तेव्हा रान, तानसा नदी, गरम पाण्याची कुंडं आणि भीमेश्वराचं जुनं देऊळ, एवढंच होतं.

बाबा मूळचे केरळचे. लहानपणीचं नाव रामन. कोयिलांडीत एका वकिलाच्या घरी काम करणाऱ्या बाईनं त्यांना वाढवलं. पुढं कान्हनगडला त्यांनी डोंगरात गुहा तयार करून घेतल्या. अंगावर फक्त लंगोटी.

चमत्कारांच्या गोष्टी ढीगभर आहेत. त्या ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. आम्हाला मोठं वाटतं ते त्यांचं गप्प बसणं. प्रवचन नाही, स्वतः लिहिलेलं पुस्तक नाही. मंगळूरच्या तुळसीअम्मांनी त्यांचं तुटक बोलणं टिपून ठेवलं, तीच 'चिदाकाश गीता'. आत्म्याला जन्म-मरण नाही, शांती बाहेर शोधू नका, आत वळा, असा त्याचा रोख. मुंबईहून माणसं मनात प्रश्न घोळवत यायची आणि कित्येकदा नुसता हुंकार ऐकून परतायची. तरी पुन्हा यायची! भक्तांनी आणलेलं मात्र बाबांपाशी साचत नसे. आसपासच्या आदिवासी पोरांच्या पोटात जायचं. ते बालभोजन आजही चालू आहे.

१९६१ साली शरीर थकलं होतं. एरवी न बोलणारे बाबा त्या गुरुपौर्णिमेला बराच वेळ बोलले. दोन आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्टला, त्यांनी देह ठेवला.

समाधी मंदिर गावातच आहे. जाणार असाल तर रविवार टाळा, गर्दीत बसायला मिळत नाही.