दोन लाखांचे आठ लाख करणारा माणूस

डास मारायची रॅकेट तुमच्या घरात असेलच. आतली बॅटरी जेमतेम चारेक व्होल्टची, पण डास जाळीला चिकटला की असा काही चटका बसतो की विचारू नका. कारण जाळीवर हजार-दोन हजार व्होल्ट असतात. मधे काय घडतं? रॅकेट उघडलीत (सेल काढून आणि जाळी डिस्चार्ज करूनच बरं का!) तर एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर, थोडे डायोड आणि थोडे कपॅसिटर दिसतील. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी या सर्किटचं नाव व्हायवात हमखास ऐकलेलं असतं : कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन मल्टिप्लायर. आज भेटूया यातल्या पहिल्या नावाला.

जॉन डग्लस कॉकक्रॉफ्ट. जन्म २७ मे १८९७, इंग्लंडमधलं टॉडमॉर्डन हे गिरण्यांचं छोटं गाव. घरचा धंदाही कापसाच्या गिरणीचा. १९१४ साली तो मँचेस्टरला गणित शिकायला गेला आणि वर्षभरात युद्धावर. तोफखान्यात सिग्नलर म्हणून त्याने पश्चिम आघाडीवर दिवस काढले. तुमच्या-माझ्या हिशेबाने बघा, ऐन एफवाय-एसवायची वर्षं खंदकात गेली. परत आल्यावर गड्याने गणित बाजूला ठेवून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग केलं, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या मोठ्या विद्युत कंपनीत उमेदवारी केली आणि मग केंब्रिजला जाऊन पुन्हा गणिताची पदवी घेतली. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रुदरफर्डच्या हाताखाली तो रुजू झाला तेव्हा त्याची पंचविशी उलटली होती. आजच्या भाषेत, करिअर लेट झालं. पण हीच उशिरा आलेली शिदोरी पुढे उपयोगी पडली. गणित येणारे तिथे पुष्कळ होते. कारखान्यात हात काळे केलेला गणिती मात्र विरळाच.

त्या काळी सगळ्यांना अणूचं केंद्रक फोडायचं होतं. अडचण अशी की केंद्रक धनभारित आणि त्यावर मारायचा प्रोटॉनही धनभारित, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलणार. ही भिंत ओलांडायला कित्येक दशलक्ष व्होल्ट लागतील, असा हिशेब होता आणि तेवढे व्होल्ट कुणाकडेच नव्हते. १९२८ साली जॉर्ज गॅमोव या तरुणाने क्वांटम सिद्धांतातून दाखवलं की कण अशी भिंत ओलांडण्याऐवजी कधीकधी आरपार जातो. तो बोलत होता केंद्रकातून बाहेर पडणाऱ्या कणांबद्दल. कॉकक्रॉफ्टने गणित उलटं मांडलं : बाहेर येता येतं, तर आतही जाता येईल. मग काही लाख व्होल्टही पुरतील! रुदरफर्डने विद्यापीठाकडून हजार पौंड मिळवून दिले आणि जोडीला आला अर्नेस्ट वॉल्टन, आयर्लंडचा, हाताने कामसू पोरगा.

१९३० साली पहिलं यंत्र उभं राहिलं. पावणेतीन लाखांच्या आसपास व्होल्ट मिळाले, पण हाती काही लागलं नाही. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेची खोलीच सोडावी लागली. दुसरा कुणी वैतागला असता. यांनी ठरवलं, नवीन खोलीत नवीनच यंत्र बांधायचं आणि एकदम आठ लाख व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मर मात्र दोनच लाखांचा! मग चौपट कशी केली?

दहीहंडी डोळ्यांसमोर आणा. हंडी उंच आहे म्हणून कुणी वीस फुटी गोविंदा शोधत नाही. साध्याच उंचीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात. इथे पोरांच्या जागी कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरचा दाब क्षणाक्षणाला दिशा बदलतो. एका अर्ध्या फेरीत पहिला कपॅसिटर डायोडमधून दोन लाखांपर्यंत भरतो. पुढच्या अर्ध्या फेरीत दिशा उलटते, पण डायोड एकाच बाजूने वाट देतो, त्यामुळे भरलेला चार्ज मागे जाऊ शकत नाही. आता ट्रान्सफॉर्मरचे दोन लाख आणि कपॅसिटरचे दोन लाख एकावर एक चढतात आणि मिळून दुसऱ्या कपॅसिटरला चार लाखांपर्यंत भरतात. असाच आणखी एक टप्पा वर रचला की आठ लाख. एकूण चार कपॅसिटर, चार डायोड. आणि गंमत म्हणजे कुठल्याही एका भागावर चार लाखांपेक्षा जास्त ताण येत नाही.

फुकट काही मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. व्होल्टेज वाढतं तसा करंट घटतो. जास्त करंट ओढलात तर व्होल्टेज खाली बसतं आणि थर वाढवाल तशी ही डगमग फार झपाट्याने वाढते. गोविंदांना हे सांगायला नकोच! खरं तर ही युक्ती हाइनरिख ग्राइनाखर या स्विस शास्त्रज्ञाने दशकभर आधीच मांडली होती. पण ती लाखांच्या घरात नेऊन कामाला लावली या दोघांनी.

कामाला लावली म्हणजे कशी? त्या डायोड म्हणजे निर्वात नळ्या, त्यांच्यासाठी पेट्रोल पंपावरची काचेची नळकांडी वापरली. हवा सतत उपसायला जुन्या कंपनीत तयार झालेलं खास तेल वापरणारे पंप आणले. गळती बंद करायला काय, तर मुलांच्या खेळण्यातलं प्लॅस्टिसिन! १४ एप्रिल १९३२ ला वॉल्टन शिशाचं अस्तर लावलेल्या खोपट्यात रांगत शिरला आणि त्याला पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकताना दिसले. त्याने कॉकक्रॉफ्टला बोलावलं, मग रुदरफर्डला त्या अरुंद खोपट्यात कसंबसं कोंबलं. लिथियमच्या केंद्रकात प्रोटॉन घुसून त्याचे दोन हेलियम झाले होते. माणसाने यंत्राने वेग दिलेल्या कणांनी पहिल्यांदाच केंद्रक फोडलं. त्यात जेवढं वस्तुमान घटलं त्याच हिशेबात ऊर्जा बाहेर पडली, म्हणजे आइनस्टाइनचं सूत्रही प्रयोगात उतरलं. दोघांना १९५१ साली नोबेल मिळालं.

इथे गोष्ट संपवली असती, पण माणूस कळतो तो पुढे. दुसऱ्या महायुद्धात त्याने रडारवर काम केलं, मग कॅनडातला अणुप्रकल्प सांभाळला आणि १९४६ साली तो ब्रिटनच्या हारवेल अणुसंशोधन केंद्राचा प्रमुख झाला. याच ब्रिटनकडून पुढे आपल्या तुर्भ्याच्या अप्सरा अणुभट्टीला इंधन मिळालं. ती उभारणारे होमी भाभाही कॅव्हेंडिशमध्येच घडलेले.

विंडस्केलला अणुभट्ट्यांच्या उंच चिमण्या बांधून होत आल्या होत्या, तेव्हा कॉकक्रॉफ्टने हट्ट धरला : वर फिल्टर बसवा. काम लांबणार, खर्च वाढणार. लोकांनी त्या फिल्टरना कॉकक्रॉफ्टचा खुळेपणा असं नावच पाडलं. तो फार बोलणारा नव्हताच, पण त्याने माघार घेतली नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये एका भट्टीला आग लागली. वायुरूप आयोडीन निसटलं, आसपासच्या सुमारे पाचशे चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. पण धुरातून जाणाऱ्या किरणोत्सर्गी कणांचा बराचसा भाग त्या खुळ्या फिल्टरनी अडवला. नाहीतर काय झालं असतं, याची कल्पना करा. त्यानंतर त्यांना कुणी खुळं म्हटलं नाही.

१८ सप्टेंबर १९६७ ला केंब्रिजमध्ये त्याचं निधन झालं. त्याची युक्ती मात्र थांबली नाही. तुमच्या पेनड्राइव्हमधल्या, मोबाइलमधल्या फ्लॅश मेमरीला डेटा लिहायला पंधरा-वीस व्होल्ट लागतात आणि चिपला मिळतात दोन-तीनच. तिथे चार्ज पंप नावाचं सूक्ष्म सर्किट हेच करतं. १९७६ साली जॉन डिक्सनने ते चिपमध्ये बसेल असं सुधारलं. म्हणजे आज तुम्ही सेव्ह केलेल्या प्रत्येक सेल्फीमागे कपॅसिटरचे ते थर लागलेले असतात. प्रोजेक्टला पुरेसं सामान नाही म्हणून अडला असाल, तर पेट्रोल पंपाची काच आणि प्लॅस्टिसिन आठवा. आणि ग्रुपमधला कुणी उशिरा, सगळं होत आल्यावर, सेफ्टीचा मुद्दा काढत असेल, तर त्याला हसण्याआधी ती चिमणी आठवा.