इंदुरी खताचे साहेब

शेतकीच्या पुस्तकात कंपोस्ट खताच्या दोन पद्धती हटकून असतात. एक बंगलोरची, दुसरी इंदूरची. मुले त्या परीक्षेपुरत्या पाठ करतात. पण इंदूर पद्धतीमागे एक हट्टी, भांडखोर आणि विलक्षण नजरेचा इंग्रज उभा आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड.

जन्म १८७३ चा, श्रॉपशर परगण्यातल्या शेतकरी घरातला. केंब्रिजला शिकून ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरच्या बुरशीरोगांचे तज्ज्ञ झाले. तिथे एक गोष्ट त्यांना सलू लागली. रोगावर औषध सांगायचे, पण पीक स्वतः काढायचे नाही, हे कसले शास्त्र? १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या प्रयोगांसाठी ७५ एकर जमीन मिळवली आणि शेजारच्या शेतकऱ्यांची रीत निरखू लागले. साहेबाने शिकवायचे आणि रयतेने ऐकायचे, असा तो काळ. हे गृहस्थ मात्र बिहारी शेतकऱ्याला आपला गुरू मानत. आणि पिकावरच्या किडीलाही!

त्याच वर्षी मुंबईत त्यांचे लग्न झाले. पत्नी गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. पुसाच्या नावाजलेल्या गव्हाच्या जाती दोघांनी मिळून काढल्या. सरकारने बाईंना योग्य हुद्दा दिला तो १९१३ मध्ये, आणि तोही दुय्यम वनस्पतिशास्त्रज्ञाचा.

पुसाला बुरशीचे खाते वेगळे, किडीचे वेगळे, मातीचे वेगळे. सबंध पीक कुणाचेच नव्हे. या वाटणीला कंटाळून हॉवर्ड दांपत्याने १९२४ मध्ये इंदुरात नवी संस्था उभारली. जमीन होळकर दरबाराची, पैसा मुख्यतः कापूस समितीचा. इथेच ती पद्धत घडली. पऱ्हाट्या, तुरखाट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडायच्या. मग खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, तीनदा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार. निम्मे ज्ञान आपल्या उकिरड्याचे, निम्मे चीनच्या शेतकऱ्यांचे. प्रयोगशाळेने त्याला मोजमाप दिले. ते मोजमाप सांभाळणाऱ्यांत रसायनज्ञ यशवंत वाड होते. १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीने त्यांचे नाव आहे. आज ते किती जणांना ठाऊक असेल?

हॉवर्ड ज्याला ह्यूमस म्हणत, त्याचा गाभा कार्बन. जगाच्या मातीत हवेपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. म्हणून तर २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत फ्रान्सने तो दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढवण्याची कल्पना मांडली. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतात १८४३ पासून शेणखत मिळत आलेल्या गव्हाच्या पट्ट्यात, काहीच खत न मिळालेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक कार्बन आढळतो. गंमत अशी, की याच संस्थेवर हॉवर्ड तुटून पडत असत. आणि त्याच शेताने हेही दाखवले, की रासायनिक खतावरही गहू पिढ्यान् पिढ्या उत्तम पिकतो. शिवाय खड्ड्यातला कचरा कुजताना त्यातला जवळपास निम्मा कार्बन हवेत उडून जातो. सकस मातीतल्या पिकाला आणि ते खाणाऱ्या बैलाला रोगच होत नाही, हा साहेबांचा दावा तर कसोटीला पुरता उतरला नाही. पण पऱ्हाटी शेतातच पेटवून देणे आणि ती कुजवून मातीला परत करणे यांतला फरक त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

१९३० मध्ये गॅब्रिएलबाई गेल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला आणि बाईंच्या धाकट्या बहिणीशी, लुईझशी, विवाह केला. १९३४ मध्ये सर हा किताब मिळाला. १९३५ मध्ये गांधीजी इंदुरात ते खत पाहून आले. अमेरिकेत रोडेल नावाच्या प्रकाशकाने हॉवर्ड यांचे लेखन वाचून १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. हॉवर्ड ऑक्टोबर १९४७ मध्ये वारले. त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९४० चा. तो त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केला आहे.